बेलोरा ते रॉड्रिग्ज : महासागरापलीकडच्या लहान विमानतळाचे अंतर आणि मार्ग कसा काढावा

अमरावती जिल्ह्यात नांदगाव खंडेश्वर तालुक्यातील आमच्या गावचा एक तरुण बांधकामाच्या कामावर आधी मॉरिशसला आणि तेथून पुढे रॉड्रिग्ज नावाच्या बेटावर गेला. तूर सोंगून झाल्यावर एका संध्याकाळी त्याचे वडील माझ्या ओट्यावर येऊन बसले आणि म्हणाले, "गुरुजी, आमचं पोट्टं किती कोस दूर गेलं म्हना?" आयुष्यभर जिल्हा परिषदेच्या शाळेत भूगोल शिकवूनही मला त्या प्रश्नाचे उत्तर चटकन देता आले नाही. मोबाइलवर शोधले तेव्हा एका ठिकाणी एक आकडा दिसला, दुसऱ्या ठिकाणी त्याहून हजार किलोमीटर मोठा आकडा दिसला, आणि तिसऱ्या ठिकाणी तर आमची अमरावती बाजूला ठेवून आंध्र प्रदेशातील अमरावतीपासूनचे अंतर दिलेले होते. शेवटी वही काढून मी स्वतःच हिशेब केला. तो ज्या क्रमाने केला, त्याच क्रमाने येथे मांडत आहे, म्हणजे ज्यांची मुले, भाचे किंवा जावई अशाच एखाद्या आडबाजूच्या विमानतळावर उतरले आहेत, त्यांना तो आपापल्या गावापासून करता येईल.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करून घ्यावी लागते. "किती दूर" या एका प्रश्नात दोन प्रश्न असतात. आपल्या वावरातून समोरच्या टेकडीखालचे वावर दिसते, नजरेने ते अर्ध्या किलोमीटरवर असते, पण बैलगाडी न्यायची म्हटली तर धुऱ्याधुऱ्याने पांदणीपर्यंत जावे लागते, पांदण नाल्याला वळसा घालते, आणि दोन किलोमीटर चालल्यावर ते वावर येते. विमानाचेही तसेच आहे. पृथ्वीच्या पाठीवर दोन विमानतळांमध्ये जे सर्वांत कमी अंतर असते ते एक, आणि प्रवाशाला प्रत्यक्षात जे कापावे लागते ते दुसरे. दोन्ही विमानतळ मोठे असतील, तर हे दोन आकडे जवळजवळ सारखे येतात. दोन्ही लहान असतील आणि मध्ये महासागर असेल, तर त्यांच्यात मोठी तफावत पडते. मोबाइलवर मला दिसलेल्या आकड्यांमधील गोंधळाचे मूळ यातच होते.

ठिकाणे आधी पक्की करावीत

अंतर काढण्यापूर्वी दोन्ही विमानतळांचे अक्षांश आणि रेखांश लिहून घ्यावेत. शहराचे घेऊ नयेत, विमानतळाचेच घ्यावेत, कारण विमानतळ शहरापासून बरेच दूर असू शकतात. अमरावतीचा विमानतळ शहरात नाही. तो यवतमाळ रस्त्यावर बेलोरा येथे आहे, आणि १६ एप्रिल २०२५ रोजी तेथून मुंबईची प्रवासी विमानसेवा सुरू झाली. त्याचे ठिकाण २०.८१ अंश उत्तर आणि ७७.७२ अंश पूर्व असे धरावे. पलीकडचे टोक म्हणजे रॉड्रिग्ज. हे बेट मॉरिशस देशाचाच भाग आहे, त्याचे क्षेत्रफळ जेमतेम १०८ चौरस किलोमीटर आहे, आणि ते मॉरिशसच्या मुख्य बेटापासून पूर्वेला भर समुद्रात एकटे पडलेले आहे. तेथील विमानतळाला दोन नावे आहेत, ही बाब शोधताना लक्षात ठेवावी : जुने नाव प्लेन कोराय आणि अधिकृत नाव सर गेतां द्युवाल विमानतळ. त्याचे ठिकाण १९.७६ अंश दक्षिण आणि ६३.३६ अंश पूर्व आहे.

येथे दोन चुका नेहमी होतात. पहिली चूक मिनिटांची. अनेक ठिकाणी अक्षांश "२० अंश ४९ मिनिटे" असे दिलेले असतात, आणि माणूस ते कॅल्क्युलेटरवर २०.४९ असे भरतो. एका अंशाची मिनिटे साठ असतात, त्यामुळे ४९ ला ६० ने भागावे, ०.८२ येते, आणि अक्षांश २०.८२ होतो. ही एकच चूक आपल्याला छत्तीस किलोमीटर सरकवते, म्हणजे बेलोऱ्याचे विमान भलत्याच ठिकाणी उतरवते. दुसरी चूक चिन्हाची. विषुववृत्ताच्या दक्षिणेचे अक्षांश उणे धरावे लागतात. रॉड्रिग्जचा अक्षांश उणे १९.७६ आहे, उणे चिन्ह विसरले तर हे बेट मुंबईच्या पश्चिमेला अरबी समुद्रात येऊन बसते आणि उत्तर इतके लहान निघते की शंका यायलाच हवी.

दोरा आणि पृथ्वीगोल

ज्यांना गणिताचा कंटाळा आहे त्यांनी गावातील शाळेत जाऊन पृथ्वीगोल मागावा. शाळांमध्ये बहुधा तीस सेंटिमीटर व्यासाचा गोल असतो. अशा गोलाचा परीघ सव्वाचौऱ्याण्णव सेंटिमीटर भरतो, आणि खऱ्या पृथ्वीचा परीघ चाळीस हजार किलोमीटर आहे, म्हणून गोलावरील एक सेंटिमीटर म्हणजे सुमारे ४२५ किलोमीटर. गोलाचा व्यास वेगळा असेल, तर हाच भागाकार नव्याने करावा.

दोरा घ्यायचा तो गोधडी शिवायचा सुती दोरा घ्यावा. लोकर ताणली जाते आणि नायलॉनचा दोरा गोलावरून घसरतो. दोऱ्याचे एक टोक अमरावतीवर अंगठ्याने दाबून धरावे, दुसरे टोक रॉड्रिग्जवर न्यावे, आणि दोरा हलकेच ताणून सोडावा, म्हणजे तो आपली जागा आपणच शोधतो. ताणलेला दोरा ज्या रेषेवर स्थिरावतो तीच पृथ्वीच्या पाठीवरची सर्वांत जवळची वाट. रॉड्रिग्ज बऱ्याच गोलांवर छापलेले नसते. तेव्हा मॉरिशसच्या ठिपक्याच्या पूर्वेला, त्याच्यापेक्षा किंचित उत्तरेला, साधारण दीड सेंटिमीटरवर पेन्सिलने खूण करावी. (शाळेच्या गोलावर पेनने खूण करू नये, मुख्याध्यापकांच्या ते लगेच लक्षात येते.) माझा दोरा अकरा सेंटिमीटर आणि वर दोन मिलिमीटर भरला. ११.२ ला ४२५ ने गुणले की ४,७६० किलोमीटर येतात. पुढे गणिताने जो आकडा निघाला त्याच्यापासून हा फार दूर नव्हता.

कॅल्क्युलेटरने

मोबाइलमधील कॅल्क्युलेटर आडवा धरला की साइन आणि कॉसच्या कळा दिसू लागतात. रीत अशी आहे : दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करावा, दोन्ही अक्षांशांच्या कॉसचा गुणाकार करून त्याला रेखांशांतील फरकाच्या कॉसने गुणावे, या दोन उत्तरांची बेरीज करावी, आणि त्या बेरजेचा व्यस्त कॉस (कळीवर cos⁻¹) काढावा. जे अंश येतील त्यांना १११.२ ने गुणले की किलोमीटर मिळतात, कारण पृथ्वीच्या परिघावरील एक अंश सुमारे १११.२ किलोमीटरचा असतो.

आपल्या उदाहरणात २०.८१ चा साइन ०.३५५३ आणि उणे १९.७६ चा साइन उणे ०.३३८१ आहे, त्यांचा गुणाकार उणे ०.१२०१. पुढे २०.८१ चा कॉस ०.९३४८, १९.७६ चा कॉस ०.९४११, आणि रेखांशांतील फरक ७७.७२ वजा ६३.३६ म्हणजे १४.३६ अंश, त्याचा कॉस ०.९६८८, तिन्हींचा गुणाकार ०.८५२३. बेरीज ०.७३२२ येते, तिचा व्यस्त कॉस ४२.९३ अंश, आणि त्याचे किलोमीटर ४,७७४. दशांशानंतरची चार स्थळे सोडू नयेत. दोनच स्थळे धरून हिशेब केला तर उत्तर बरेच किलोमीटर इकडेतिकडे होते.

मी स्वतः पहिल्यांदा हा हिशेब केला तेव्हा कॅल्क्युलेटर अंशांऐवजी रेडियनवर (कोन मोजण्याच्या दुसऱ्या एककावर) होता आणि मी ते पाहिले नव्हते. व्यस्त कॉस २.३२ आला, त्याला मी निमूटपणे १११.२ ने गुणले, आणि उत्तर निघाले २५८ किलोमीटर. म्हणजे माझ्या हिशेबाने हिंदी महासागरातील ते बेट लातूरच्या अलीकडे मराठवाड्यात निघाले. पडद्याच्या कोपऱ्यात "डिग्री" आहे की "रेडियन" एवढे आधी पाहून घ्यावे, आणि तरीही उत्तर हाती आल्यावर एक साधी पडताळणी करावी : दोन्ही अक्षांशांतील अंतर २०.८१ अधिक १९.७६, म्हणजे ४०.५७ अंश आहे, त्यामुळे निव्वळ उत्तर-दक्षिण अंतरच साडेचार हजार किलोमीटर भरते, आणि कोणतेही खरे उत्तर त्याहून कमी असू शकत नाही.

पृथ्वी पूर्ण गोल नाही, ध्रुवांकडे थोडी चपटी आहे, त्यामुळे विषुववृत्ताच्या आसपास अक्षांशाचा एक अंश १११.२ पेक्षा किंचित लहान भरतो. ही दुरुस्ती धरली की आपल्या मार्गाचे अंतर वीसेक किलोमीटरने कमी होते. संगणकावरील चांगले गणक ती धरतात, त्यांचा आकडा आपल्यापेक्षा थोडा कमी दिसतो, आणि त्यात कोणाचीच चूक नसते. फरक अर्ध्या टक्क्याहूनही कमी आहे.

नकाशावर पट्टी कधी चालते, कधी चालत नाही

भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून अंतर मोजण्याची आपल्याला सवय असते. आपल्या उदाहरणात ती सवय फारशी महागात पडत नाही. अक्षांशांतील फरक ४०.५७ आणि रेखांशांतील फरक १४.३६, या दोन बाजू धरून काटकोन त्रिकोणाचा कर्ण काढला, तरी ४३.०४ अंश म्हणजे ४,७८६ किलोमीटर येतात. चूक जेमतेम बारा किलोमीटरची. हा मार्ग विषुववृत्त ओलांडतो आणि बहुतेक उत्तर-दक्षिण जातो, म्हणून असे घडते.

हीच रीत अटलांटिकवर वापरून पाहावी. कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावर गँडर आणि आयर्लंडच्या पश्चिमेला शॅनन, असे दोन विमानतळ आहेत. दोन्ही आज जगाच्या मानाने लहान आहेत, पण विमानांच्या टाकीत महासागर एका दमात ओलांडण्याइतके इंधन मावत नव्हते त्या काळात, अलीकडच्या काठावर शेवटचे आणि पलीकडच्या काठावर पहिले इंधन भरण्यासाठी मोठमोठी विमाने येथे उतरत असत. गँडर ४८.९४ उत्तर, ५४.५७ पश्चिम, शॅनन ५२.७० उत्तर, ८.९२ पश्चिम. कर्णाच्या रीतीने येथे जवळजवळ ५,१०० किलोमीटर येतात. खरे अंतर ३,१८० किलोमीटर आहे. रेखांशाचा एक अंश विषुववृत्तावर १११ किलोमीटर रुंद असतो, आपल्या विदर्भात १०४ च्या आसपास, आणि तिकडे वर एक्कावन्न अंशांवर तो सत्तर किलोमीटरवर येतो. ध्रुवाकडे जाताना रेखावृत्ते जवळ येतात, आणि सपाट नकाशा मात्र त्यांना शेवटपर्यंत सारख्याच अंतरावर ठेवतो. म्हणून पूर्व-पश्चिम जाणाऱ्या आणि विषुववृत्तापासून दूर असलेल्या मार्गासाठी पट्टी वापरू नये, दोराच वापरावा.

गँडर-शॅननचा दोरा गोलावर ताणला की आणखी एक गोष्ट दिसते : मध्यावर तो ५३ अंशांच्याही थोडा वर जातो, म्हणजे दोन्ही टोकांपेक्षा उत्तरेला. सपाट नकाशावर तोच मार्ग उगाच वर वळसा घेतल्यासारखा दिसतो, आणि अमेरिकेला जाणाऱ्या मुलाचे विमान पडद्यावर पाहताना घरातील माणसे "हे इतकं वरून कशाला चाललं" असे विचारतात, त्याचे उत्तर या दोऱ्यात आहे. विमान सरळच चाललेले असते. वाकडा असतो तो नकाशा.

दोरा कोणाकोणावरून जातो

आपल्या मार्गाकडे परत येऊ. बेलोऱ्याहून निघणारी रेषा दक्षिणेपासून वीस अंश पश्चिमेकडे झुकलेली आहे. होकायंत्राच्या भाषेत २०० अंश. हा भाग मला सर्वांत आवडला, कारण आपल्या ओळखीची गावे ओलांडत ती रेषा समुद्रावर जाते. कारंजा लाडच्या पूर्वेने ती वाशिम जिल्ह्यातून खाली उतरते, हिंगोलीच्या पूर्वेला राहते, पूर्णा जंक्शनच्या अगदी जवळून जाते, लातूरला उजव्या हाताला ठेवते, विजयपूर आणि कलबुर्गी यांच्या मधून कर्नाटकात शिरते, गदगला स्पर्श करते आणि मंगळूरच्या आसपास किनारा सोडते. पुढे लक्षद्वीपचे मिनिकॉय बेट जवळजवळ तिच्या खालीच येते. त्यानंतर मालदीवची माळ डाव्या हाताला, म्हणजे पूर्वेला राहते, सत्तर अंश पूर्व रेखांशाच्या किंचित पुढे विषुववृत्त लागते, चागोस बेटेही डावीकडेच राहतात, आणि मग रॉड्रिग्जपर्यंत पाण्याशिवाय काहीही नाही. मिनिकॉयपासून पुढचा हा टप्पा ३,३०० किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे मार्गाचा दोनतृतीयांशाहून अधिक भाग.

अशी यादी तयार करण्यासाठी विशेष काही लागत नाही. मार्ग विषुववृत्ताच्या आसपास असल्याने सपाट नकाशावरच दोन्ही टोके पेन्सिलने जोडावीत आणि रेषेखाली काय येते ते लिहीत जावे. ही यादी पुढे उपयोगी पडते, कारण मार्गावर उतरण्यासारखे विमानतळ कोठे आहेत आणि कोठे नाहीत, हे तिच्यावरूनच कळते.

या रेषेवरून कोणतेही विमान का जात नाही

पहिले कारण धावपट्टीचे. बेलोऱ्याची धावपट्टी १,८५० मीटर लांब आहे, आणि रॉड्रिग्जची आजवर वापरात असलेली धावपट्टी तेराशे मीटरच्या आत आहे. समुद्र ओलांडणारी मोठी जेट विमाने एवढ्या जागेत इंधनाने भरलेली उडू शकत नाहीत. योगायोग असा की दोन्ही टोकांना एकाच जातीचे विमान उतरते : पंख्यांचे, सत्तरेक आसनांचे एटीआर-७२. हे विमान आखूड धावपट्टीला उत्तम आहे, पण पूर्ण प्रवासी घेऊन ते दीड हजार किलोमीटरच्या आसपासच जाऊ शकते. आपल्याला त्याच्या तिप्पट जायचे आहे.

दुसरे कारण आणीबाणीचे. दोन इंजिनांच्या विमानाला मूळ नियमानुसार, एक इंजिन बंद पडल्यास उरलेल्या इंजिनावर साठ मिनिटांत एखाद्या विमानतळावर पोहोचता येईल, इतक्याच अंतरात राहावे लागते. त्याहून दूर जायचे असेल तर विमानाला आणि कंपनीला विशेष मान्यता घ्यावी लागते, तिला ईटॉप्स म्हणतात. १९८५ साली १२० मिनिटांच्या अशा मान्यतेवर दोन इंजिनांची प्रवासी विमाने अटलांटिक ओलांडू लागली, आणि पुढे १८० मिनिटांची मान्यताही मिळू लागली. आपल्या रेषेवर दहा अंश दक्षिणेच्या आसपास कंपास टेकवून वर्तुळ काढून पाहावे : सर्वांत जवळचा नागरी विमानतळ हजार किलोमीटरहून दूर निघतो, आणि त्यातही रॉड्रिग्ज मोठ्या विमानाच्या उपयोगाचा नाही. म्हणून मार्ग आखणारे लोक आधी असे पर्यायी विमानतळ ठरवतात आणि मग त्यांना धरून रेषा ओढतात.

तिसरे कारण सर्वांत साधे आहे, आणि तेच सर्वांत बलवत्तर आहे. नांदगाव खंडेश्वरहून रॉड्रिग्जला रोज जाणारी सत्तर माणसे नाहीत.

टप्पे पाडून बेरीज

आता खरा मार्ग आखावा. रीत अशी की दोन्ही लहान विमानतळांपासून सुरुवात करावी आणि प्रत्येकाचे विमान कोणत्या मोठ्या विमानतळावर जाते ते पाहावे. बेलोऱ्याहून मुंबई. रॉड्रिग्जहून मॉरिशस. मग या दोन मोठ्या विमानतळांमध्ये थेट विमान आहे का ते शोधावे. मुंबई ते मॉरिशस ते आहे. एकदम दोन टोकांची नावे घालून शोधले तर बहुतेक वेळा काहीच सापडत नाही, किंवा भलतेच लांबचे फेरे पुढे येतात.

प्रत्येक टप्प्याचे अंतर वर सांगितलेल्या रीतीनेच काढावे. बेलोरा ते मुंबई ५४० किलोमीटर, मुंबई ते मॉरिशस ४,७०० आणि मॉरिशस ते रॉड्रिग्ज ६००, असे एकूण ५,८४० किलोमीटर होतात. सरळ अंतर ४,७७४ होते, म्हणजे १,०७० किलोमीटरच्या आसपास फेरा पडला, शेकडा बावीस. हा फेरा मला वाजवी वाटतो. तुलनेसाठी दुबईमार्गे हिशेब करून पाहिला : मुंबई ते दुबई १,९३०, दुबई ते मॉरिशस ५,०९०, आणि दोन्ही टोकांचे टप्पे तेच; बेरीज ८,१६०, म्हणजे सरळ अंतराहून सत्तर टक्क्यांनी जास्त. तिकीट स्वस्त मिळते म्हणून कोणी हा मार्ग सुचवला, तर आधी ही बेरीज समोर ठेवावी आणि मग ठरवावे. नागपूर विमानतळ गाठून तेथून मुंबईला जाण्याचा पर्याय मात्र विचारात घेण्यासारखा आहे. नागपूर-मुंबई टप्पा ६८० किलोमीटरचा आहे, थोडा लांब आहे, पण विमाने बरीच आहेत, आणि बेलोऱ्याचे विमान ज्या दिवशी नसेल त्या दिवशी तोच उपयोगी पडतो.

प्रत्यक्ष उड्डाण या आकड्यांहूनही थोडे अधिक होते. जमिनीवरून विमाने ठरलेल्या हवाई वाटांनी, नावे दिलेल्या बिंदूंवरून जातात, विमानतळाजवळ त्यांना वळणे घ्यावी लागतात, आणि ढगांना टाळण्यासाठी वैमानिक बाजूला सरकतो. समुद्रावर रडार पोहोचत नाही. तेथे उपग्रहामार्फत किंवा लांब पल्ल्याच्या रेडिओवर विमान आपले ठिकाण कळवत राहते, आणि मुंबईच्या नियंत्रण क्षेत्रातून मॉरिशसच्या क्षेत्रात त्याची सोपवणी होते. अटलांटिकवर तर वारे पाहून मार्गांचे पट्टे रोज नव्याने आखले जातात, कारण तिकडे उंचावर पश्चिमेकडून जोराचा वारा वाहतो, आणि त्याच दोन गावांचा प्रवास पूर्वेला जाताना कमी वेळात, पश्चिमेला जाताना अधिक वेळात होतो.

वेळेचा हिशेब

वेळ काढताना एटीआरचा वेग ताशी ५०० किलोमीटर आणि मोठ्या जेटचा ८६० धरावा, आणि जमिनीवर रांगणे, चढणे व उतरणे यांसाठी प्रत्येक टप्प्यात अर्धा तास मिळवावा. पहिला टप्पा एक तास पस्तीस मिनिटे, दुसरा सहा तास, तिसरा पावणेदोन तासांच्या आत. विमानात बसण्याचा एकूण वेळ नऊ ते साडेनऊ तास होतो.

पण प्रवास नऊ तासांचा नाही. लहान विमानतळांची विमाने रोज असतीलच असे नाही, आणि वेळापत्रक हंगामानुसार बदलते. म्हणून तारीख ठरवताना, ज्या टप्प्याची विमाने सर्वांत कमी, तो टप्पा आधी नक्की करावा आणि बाकीचे त्याच्या मागेपुढे बसवावेत. आपण उलट करतो : घरून निघण्याचा मुहूर्त आधी ठरवतो आणि मग मुंबईत दोन रात्री काढतो. मुंबईत देशांतर्गत विमानातून उतरून आंतरराष्ट्रीय विमान धरायचे असते, दोन टर्मिनल एकमेकांपासून रस्त्याने काही किलोमीटर लांब आहेत, आणि तिकिटे वेगवेगळी काढली असतील तर सामान स्वतः उतरवून घेऊन पुन्हा द्यावे लागते. चार-पाच तासांची मोकळीक ठेवावी. एटीआरमध्ये सामानाची मर्यादा मोठ्या विमानापेक्षा कमी असू शकते. मुलासाठी बांधलेला सांडग्यांचा आणि तुरीच्या डाळीचा डबा मुंबई-मॉरिशस टप्प्यावर चालेल, पण शेवटच्या सहाशे किलोमीटरवर त्याचे जादा पैसे पडू शकतात, म्हणून तिन्ही टप्प्यांतील सर्वांत कमी मर्यादा हीच आपली मर्यादा समजावी.

तिकिटावरील प्रत्येक वेळ त्या त्या ठिकाणची असते. मॉरिशस आणि रॉड्रिग्ज दोन्हींचे घड्याळ आपल्या मागे दीड तास आहे. मुंबईहून सकाळी सहाला निघालेले विमान सहा तासांनी उतरले, तर आपल्याकडे दुपारचे बारा झालेले असतात आणि तिकडे साडेदहा. फक्त तिकीट पाहिले तर विमान साडेचार तासांत पोहोचले असे वाटते, आणि परतीच्या तिकिटावर तोच प्रवास साडेसात तासांचा दिसतो.

शेवटचे पाहायचे ते हवामान. दक्षिण-पश्चिम हिंदी महासागरात चक्रीवादळांचा हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल असतो, म्हणजे आपल्याकडे कापूस वेचणीपासून गहू काढणीपर्यंतचा काळ, आणि गावातील माणसाला प्रवासाची सवड नेमकी याच महिन्यांत मिळते. वादळ जवळ आले की त्या बेटांवरील विमानतळ बंद ठेवतात, आणि मॉरिशस-रॉड्रिग्ज टप्पा अडकला की पुढेमागे दोनतीन दिवस जातात. जाणे या काळातच असेल, तर परतीचे मॉरिशस-मुंबई तिकीट रॉड्रिग्जहून निघण्याच्या दिवसाचे काढू नये, मध्ये किमान एक रात्र ठेवावी.

वडिलांना मी दोन आकडे दिले. कोस दोन मैलांचा, म्हणजे ३.२ किलोमीटरचा धरला, तर दोऱ्याने दीड हजार कोस, आणि विमानाने सव्वाअठराशे. त्यांनी दोन्ही आकडे हातातल्या पिशवीवर बॉलपेनने लिहून घेतले आणि विचारले की यातला पोराच्या आईला कोणता सांगायचा. मी म्हटले, "भाऊ, पहिला सांगा."